अकोल्याला न पोचलेले निरोप

दिवाळी उलटली की आमच्याकडे रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. झाडांना नव्हे, काट्यांना. वरपर्यंत लादलेल्या बंड्या, मेटाडोर, ट्रॅक्टर जिनिंगकडे जाताना फांद्यांना घासून जातात आणि पुंजके तिथेच अडकून राहतात. मागच्या आठवड्यात पुण्याची भाची आली होती. बडनेऱ्याच्या रस्त्यावर तिने गाडी थांबवायला लावली आणि त्या बाभळींचे चिकार फोटो काढले. "मावशी, कित्ती गोड दिसतंय हे!" मी म्हटलं, काच वर कर. तिला वाटलं धुळीमुळे म्हणतेय.

खरं तर या दिवसांविरुद्ध बोलावं असं काही नाही. थंडी बेताची, आभाळ निवळलेलं, तूर फुललेली, चौकाचौकात संत्र्यांच्या राशी. अमरावतीत राहणाऱ्या माणसाने वर्षातून दोन महिने खूश राहायचं ठरवलं तर ते हेच. पण एखादा कापसाचा ट्रॅक्टर जवळून गेला आणि सरकीचा तो कच्चा, तेलकट वास नाकात शिरला की माझं जेवण जातं. घरचे म्हणतात, हिला दिवाळी झाली की काय होतं कोण जाणे. मी म्हणते, पित्त. पित्ताचं एक बरं असतं, त्यावर कोणी पुढे विचारत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी जळालेल्या लेकरांच्या वॉर्डात काम करायचे. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. कामाला इंग्रजीत लांबलचक नाव होतं, मराठीत नव्हतंच. एका संस्थेने मला मुंबईत शिकवून आणलं आणि इथल्या एका सरकारी दवाखान्यात सोडलं, मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याच्या दवाखान्यात. लेकरांना पट्टी बदलताना धीर द्यायचा, आधी समजावून सांगायचं, खेळवायचं, नंतर सोबत बसायचं, एवढंच ते काम. वॉर्डबॉय मला टाइमपासवाल्या मॅडम म्हणायचे. आई म्हणायची, "एम.ए., बी.एड. करून फुगे फुगवतेस." आणि शेजारपाजारी कोणी विचारलं तर सांगायची, मोठ्या दवाखान्यात आहे. पदरी पडलं ते पवित्र म्हणायचं, दुसरं काय.

टाइमपास नव्हता तो. जळालेल्या माणसाला जळण्यापेक्षा जास्त यातना पट्टीच्या होतात, कारण जळणं एकदाच असतं. चिकटलेली जाळी मिठाच्या पाण्याने भिजवायची, सोडवायची, जखम धुवायची, पांढरं मलम लावायचं, नवी पट्टी. एक दिवसाआड. मोठा माणूस निदान स्वतःला सांगू शकतो की हे बरं व्हायला चाललंय. लेकराला एवढंच दिसतं की चार मोठी माणसं आपल्याला धरून ठेवतात आणि आपली आई बाहेर उभी राहून बघत नाही.

मला शिकवलेले नियम थोडे होते, आणि मी ते भांडून पाळले. पहिला, खाटेवर पट्टी करायची नाही, सुई टोचायची नाही, दुखणारं काहीही करायचं नाही. खाट ही लेकराची जागा, तिथे त्याला झोप आली पाहिजे. दुसरा, खोटं बोलायचं नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल" असं सगळेच सांगतात. ती मुंगी नाही हे एकदा कळलं की ते लेकरू पाण्याला पाणी म्हटलेलंही खरं मानत नाही. मी सांगायचे, दुखेल. खूप दुखेल. पण तू 'थांब' म्हटलंस की सगळे हात वर करतील, तुझा श्वास जागेवर आला की तू 'करा' म्हण, मग पुढे. नसीम सिस्टर पहिल्यांदा वैतागल्या होत्या. "ऐसे तो शाम हो जाएगी मॅडम. बाकीच्या पेशंटले कोण पाहील?" पण त्यांच्याच लक्षात आलं की थांबता येतं म्हटल्यावर लेकरं कमी थांबवतात. मग त्या स्वतःच नव्या लेकराला सांगू लागल्या, "बेटा, तू बोल, मैं रुकती."

आणखी एक नियम होता. घरातली वाईट बातमी घरच्यांच्या तोंडूनच जायला हवी. आपण कितीही जीव लावला तरी आपण परके, उद्या निघून जाणार. ज्याच्या कुशीत ते लेकरू पुढे रडणार आहे, त्यानेच सांगायचं. खोटं न बोलण्याचा आणि हा, हे दोन्ही नियम मला तेव्हाही बरोबर वाटायचे, आजही वाटतात. ते एकमेकांच्या अंगावर येतील असं मात्र शिकवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

ती वर्षं वऱ्हाडाच्या वाईट वर्षांपैकी. गावात मोटारी घेऊन पत्रकार यायचे, नेते यायचे. दवाखान्यातही यायचे, पण विष घेतलेल्या पुरुषांच्या वॉर्डात. आमच्या वॉर्डाकडे कोणी वळायचं नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. वास्तविक त्या मोसमात आमच्याकडे येणारी निम्मी लेकरं कापसाचीच होती. भावाचा पत्ता नसायचा, खरेदी आज सुरू होईल उद्या होईल म्हणून लोक वेचलेला कापूस घरात भरून ठेवायचे. दोन खोल्यांचं घर असलं तर एका खोलीत कापूस आणि एका खोलीत माणसं. त्यात संध्याकाळी लाइट जायची ती जायचीच, आणि मग पेटायची रॉकेलची चिमणी. हे सगळं एका घरात एकत्र आलं की काय होतं, ते वॉर्डात बसून मला कळायचं.

पायल अशीच आली. नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यातली, तिसरीत शिकणारी. उजवा हात, मान आणि पाठ. थंडीत कापसाच्या ढिगासारखी ऊब कशालाच नाही, हे खेड्यातल्या प्रत्येक लेकराला माहीत असतं. अंगाला खाज सुटते, आया ओरडतात, तरी पोरं त्यावरच जाऊन पडतात. पायल शाळेतून येऊन तशीच झोपली होती. लाइट गेली, चिमणी लावली, ती कशी कलंडली ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. कोणी म्हणालं मांजर, कोणी म्हणालं वारा. कापसावरून जाळ बघता बघता पसरतो. तिची आई आत शिरली, लेकीला उचलून तिने दाराबाहेर फेकलं, आणि नवऱ्याने तिला ओढून काढलं तेव्हा तिची नायलॉनची साडी पेटलेली होती.

दोघींना एकाच गाडीतून आमच्या दवाखान्यात आणलं. आई बायकांच्या वॉर्डात, लेक लेकरांच्या. मध्ये फक्त एक जिना. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली, तेव्हा पायल मलमपट्टीनंतरच्या गुंगीत होती. संध्याकाळी तिने डोळे उघडून विचारलं, "माय कुठी हाय?" शेजारी तिची आत्या बसलेली. कमला आत्या, भावजयीच्या मागे तीच आता या पोरीची. तिच्या तोंडून निघून गेलं, "अकोल्याले नेलं तिले. मोठा डॉक्टर तथी हाय." नंतर एकदा चिडून मला म्हणाली, "नागपूर म्हटलं असतं तं चाललं असतं. मले का मालूम, का तुमी दर मंगळवारी अकोल्यालेच जाता?"

कारण पहिल्याच मंगळवारी नसीम सिस्टरांनी पायलला सांगितलं, ताई आज नाही, ताई अकोल्याला. बुधवारी मी गेले तर पोरगी खाटेवर वाट बघत होती. चादर अंगाला लागू नये म्हणून वर तारेचा पिंजरा ठेवलेला, त्यातून तिचं तोंड तेवढं बाहेर. "ताई, तू माह्या मायले भेटली?"

मी म्हणाले, "मी लेकरांच्या वॉर्डात असते." ते खरंच होतं. ती म्हणाली, "मंग आता जाशीन तवा भेटजो. तिले सांगजो, पट्टी काढताना डोये लावू नोको. पाह्यत राह्यलं का कमी भेव वाटते." हे मीच तिला दोन दिवसांपूर्वी शिकवलं होतं. तिच्यापाशी जे काही नवं होतं ते ती आईला धाडत होती.

 "ऐकलं मी," म्हणाले. 

मग निरोप सुरूच झाले. पाणी आधी आपणच टाकायचं, म्हणजे आंग दचकत नाही, सांगजो. साबणाचे फुगे हळू फुकायचे, जोरात फुकले का फुटते, सांगजो. सिस्टरले 'थांब' म्हणायले लाजू नोको म्हणा, ती लय लाजते. एकदा तिने मला पाणी भरायची रिकामी सिरिंज दिली, सुई नसलेली, जी मी तिला दिली होती. "मायले देजो. मोठ्या माणसायले कोणी देत नसन." मी घेतली. नाही कशी म्हणणार होते? दर वेळी मी एवढंच म्हणायचे, ऐकलं. लक्षात ठेवीन. आणि बसमध्ये बसून मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचे. दोन्ही बाजूला बाभळी, आणि काट्यांवर तेच पुंजके.

एकदा तर मी अकोल्याच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाच्या दारात जाऊन उभी राहिले. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. आत सगळ्या खाटांवर पिंजरे होते. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणाले पाहून राहिल्या बाई?" मी म्हणाले, चुकून आले.

कमला आत्याशी माझं भांडण व्हायचं ते नळावर, ती डबा घासत असताना. मी सांगायचे, तिला सांगा. तिच्या वडिलांना बोलवा, सांगा. जितका उशीर तितकं वाईट. आत्या राख घासता घासता वर न बघता म्हणायची, "ताई, तुमचं खरंखोटं तुमच्यापाशी ठेवा. पोरगी जेवून रायली ते मायच्या नावावर. मायले भेटायचं हाय म्हटलं का अंडं खाते, दूध पिते. उद्या सांगतलं अन् तिनं तोंडच मिटलं, तं तुमी भरवान काय?"

"भरवीन."

"तुमी संध्याकाळी घरी जाता, बाप्पा. झाकली मूठ हाय तं राहू द्या."

मला राग यायचा, आणि तो तिच्यापेक्षा त्या बोलण्यातल्या खरेपणाचा जास्त यायचा. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, मांडीची चामडी काढून पाठीवर लावायचं ऑपरेशन आहे, तेवढं पार पडू द्या, आत्ता धक्का नको. सगळ्यांना पोरगी जगायला हवी होती. मलाही तेच हवं होतं. पण मला दिसत होतं की ती माझ्या भरवशावर त्या पट्टीच्या खोलीत येते, आणि तो भरवसा मी रोज थोडा थोडा खर्च करतेय.

आम्ही वऱ्हाडी माणसं तोंडावर बोलणारी म्हणून प्रसिद्ध. पुण्याच्या माणसाला आमचं 'या, बसा' सुद्धा भांडण वाटतं. जाड्याला जाड्या म्हणू, पोराच्या लग्नात व्याह्याची उणी काढू, पण मरणाची बातमी? ती आमच्याकडे कोणी सरळ सांगत नाही. गावाहून फोन येतो, "सीरियस हाय, लवकर या." आयुष्यात मला असे जितके फोन आले, त्यातल्या एकाही वेळी माणूस जिवंत सापडला नाही. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि तरी बस गावात शिरेपर्यंत दोघंही तो शब्द धरून बसतात. यात लबाडी नाही. प्रवासात माणूस कोसळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. माझे वडील गेले तेव्हा मलाही तसंच सांगितलं होतं, आणि त्या चार तासांसाठी मी सांगणाऱ्याची आजही ऋणी आहे. पण तो प्रवास चार तासांचा होता. इथे एका लेकराला आम्ही बसमध्ये बसवलं होतं आणि बस गावात शिरूच देत नव्हतो.

पायलचे वडील तोवर आलेच नव्हते. वेचणी चालू हाय, एवढं तिला सांगितलेलं. ते आले तेरवी झाल्यावर. सडसडीत, उन्हाने रापलेला माणूस, बायकोला ओढून काढताना दोन्ही तळहात भाजलेले. डोक्याला पांढराशुभ्र दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, पार कानांपर्यंत. मला लगेच कळलं की खाली मुंडण आहे, आणि ते लेकीला दिसू नये म्हणून बिचाऱ्याने एवढा बंदोबस्त केलाय. चांगलं वाटलं. काही वेळाने तो दुपट्टा कसला आहे ते माझ्या लक्षात आलं.

तेरवीला सोयरे नवा दुपट्टा आणतात आणि दुखवट्यातल्या माणसाच्या डोक्याला बांधतात. आमच्याकडचा तो रिवाज आहे, खेड्यातली लेकरं मांडवात बसून तो बघतात. घरातलं सगळं जळालेलं होतं. त्या माणसाजवळ डोकं झाकायला एकच फडकं होतं, आणि ते हे होतं.

पायल दुपट्ट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, दुपट्टा कोणं देल्ला?"

"बजारातून आन्ला."

"कोरा हाय."

"हो. कोराच हाय."

त्यानंतर ती त्यांच्याशी बैलाचं बोलली, शाळेचं बोलली. जाताना त्यांना म्हणाली, हाताले मलम लावत जा. मी शेजारी बसून फुगे फुगवत होते.

दुसऱ्या दिवशी पट्टीच्या खोलीत तिने एकदाही 'थांब' म्हटलं नाही. डोळे उघडे, नजर भिंतीवर. नसीम सिस्टर मान भिजवून जाळी सोडवत होत्या, मधे स्वतःच थांबत होत्या, "बेटा, रुकू का?"  बाहेर आल्यावर सिस्टरांनी हातमोजे काढले आणि मला कोपऱ्यात घेतलं. "मॅडम, चिल्लाने वाले बच्चे से मैं नहीं डरती. ही पोरगी रडत काहून नाही?" वीस वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई, तिचे डोळे भरलेले होते.

निरोप मात्र थांबले नव्हते. उलट आता ते मोठ्याने यायचे, आत्या शेजारी असली की हमखास. "ताई, मायले सांगजो, म्या दोन अंडे खाल्ले." आत्याचं तोंड उजळायचं. माझ्याकडे ती असं बघायची, पाहिलं ना, झाकल्या मुठीने काय होतं ते. आणि मी पायलकडे बघायचे. ती आत्याकडे बघत असायची, आत्याला बरं वाटलं की नाही ते तपासत. निरोप आता अकोल्याला जात नव्हते, ते आत्यापर्यंतच जात होते. आठ वर्षांची भाजलेली पोर मोठ्या माणसांना सांभाळत होती. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही, आणि तो कोणावर काढावा हेही कळत नव्हतं.

एका दुपारी आम्ही कापडाच्या बाहुल्यांशी खेळत होतो. मी त्या चिंध्यांच्या शिवायचे, लेकरांनी त्यांना पट्ट्या बांधाव्यात म्हणून. पायलने एका बाहुलीला बसमध्ये बसवलं, म्हणजे माझ्या चपलेत. म्हणाली, "थे माय हाय. आबाजी मेले तवाची."

"कुठे चालली आहे?"

"माहेरी. मामाचा फोन आलता, आबाजी सीरियस हाय म्हून." तिने चप्पल डाव्या हाताने हळूहळू ढकलली. "एसटीत बसून माय रडून रायली होती. म्या म्हटलं, सीरियसच हाय ना, मंग काहून रडून रायली? तं म्हने, उगीच." चप्पल भिंतीला लागली. "तिले मालूम होतं. मले नाई सांगतलं."

मी विचारलं, "तुला सांगायला हवं होतं का?"

तिने बाहुली उचलली आणि पट्टी पुन्हा बांधायला घेतली. "तू कधीच नाई सांगत, माय काय म्हणाली ते," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. जेवलीस का विचारावं तसं म्हणाली.

मी तिथून उठले ती थेट नळावर गेले. आत्या तिथे होती. मी म्हणाले, "तिला माहीत आहे." आत्या ताडकन उभी राहिली. "कोणं सांगतलं? तुमी सांगतलं?" मी म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलंत. दुपट्टा कोरा आहे. आई काय म्हणाली ते कोणी सांगत नाही. तुम्ही रोज डोळे धुऊन तिच्यासमोर जाता." आणि मग मी ते सांगितलं, की ती आता तुमच्यासाठी जेवते, तुमच्यासाठी बोलते, आणि रडायला तिच्यापाशी माणूसच नाही. आत्या मटकन खाली बसली. ओल्या फरशीवर, तशीच. पदर तोंडात कोंबून रडली ती बाई. ती भावजयीला मोकळेपणी रडली नव्हती, एवढ्या दिवसांत वेळच मिळाला नव्हता तिला.

वडिलांना निरोप गेला. आल्यावर मी त्यांना जिन्याखाली बसवून शिकवलं. कसं सांगायचं हे शिकवावं लागतं, ही किती वाईट गोष्ट आहे. देवाघरी गेली म्हणू नका, ती म्हणेल मलाही जायचंय. झोपली म्हणू नका, ती झोपायला भिईल. वारली म्हणा. तो शब्द उच्चारा. त्यांनी विचारलं, "तुमी सांगसान का ताई? माह्यानं होत नाई." मी म्हणाले, "भाऊ, मी शेजारी बसते. पण तोंड तुमचं पाहिजे."

खाटेवर सांगायचं नाही, हे मी ठरवलेलं. मागच्या व्हरांड्यात ऊन येतं, तिथल्या बाकावर पायलला नेलं. वडील शेजारी, आत्या पायांशी खाली. समोर दवाखान्याचं वाळत घातलेलं धुणं, हिरव्या चादरींची रांग. पायलने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि खाली मान घातली. वडील म्हणाले, "पायल, अकोल्याले..." आणि अडकले. त्यांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकले. मग डोक्यावरचा दुपट्टा सोडला आणि मांडीवर ठेवला. खुंट वाढलेलं डोकं उन्हात उघडं पडलं. "तुही माय अकोल्याले नाई हाय, बेटा. माय वारली. अथीच वारली. म्या लय ओढलं तिले." आणि त्यांनी आपले भाजलेले तळहात तिच्यापुढे धरले, पुरावा द्यावा तसे.

पायलने त्या हातांकडे बघितलं. ती रडली नाही. "दुखते?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, थंडी वाजून रायली, आत जाऊ. तीन दिवस ती कोणाशी बोलली नाही. माझ्याशी तर नाहीच. अंडं परत गेलं, दूध परत गेलं. कमला आत्या मला काही म्हणाली नाही, पण नळावर मी दिसले की डबा तसाच उचलून निघून जायची. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. त्या तीन दिवसांत मी स्वतःला किती वेळा विचारलं, खरं सांगून काय मिळवलंस? मला अजूनही वाटतं सांगायलाच हवं होतं. पण ते वाटणं त्या दिवसांत काहीही कामाचं नव्हतं.

आज वॉर्ड बदललाय. नव्या फरशा आहेत, भिंतींवर ससे आणि हत्ती आहेत. खेड्यात लाइट पूर्वीपेक्षा बरी असते, चिमणी क्वचित दिसते. कापूस मात्र अजून घरातच असतो, भाव आजही कोणाला माहीत नसतो. नव्या मुली माझ्याकडे शिकायला येतात, वह्या घेऊन. विचारतात, मॅडम, मुलाला वाईट बातमी द्यायची योग्य वेळ कोणती? मी सांगते, योग्य वेळ नसते, फक्त उशीर असतो. त्या लिहून घेतात. त्यांना मी पायलचं सगळं सांगत नाही, तो मंगळवार तर नाहीच.

त्या मंगळवारी सकाळी मी अकोल्याला निघायच्या आधी वॉर्डात डोकावले. वाटलं होतं ती भिंतीकडे तोंड करून असेल. ती माझ्याकडेच बघत होती.

"आज अकोल्याले चालली?"

"हो."

"आता काहून?"

"तिथेही लेकरं आहेत ना."

"जळेल?"

"हो. जळालेली."

 आत्या खाटेखाली पिशवी लावत होती, तिचे हात थांबले. पायल म्हणाली, "त्यायच्या माया कुठी हायेत?"

मी म्हणाले, बहुतेकांच्या तिथेच आहेत, जवळ बसलेल्या. एका पोराची नाहीये. ती गेली, त्याला माहीत नाही.

"त्याले कुठी म्हून सांगतलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. नागपूर म्हटलं असतं तर चाललं असतं. "अमरावतीला," मी म्हणाले.

पायलने डोळे मिटले नाहीत. दारातून समोर जिना दिसत होता, वर बायकांच्या वॉर्डाकडे जाणारा, तिकडे ती बघत होती. "तो बी तुह्यापाशी सांगत असन," ती म्हणाली. "मायले हे सांग, थे सांग."

"हो, तोही सांगतो."

"मले सांग मंग. तू आन्ते अन् कोणीच ऐकत नाई, असं कसं? कोणं तं ऐकलं पायजे."

मी पर्स खाली ठेवली. म्हणाले, "तो म्हणतो, मायला सांग, मला आता दुखत नाही."

"खोटं बोलून रायला तो," पायल म्हणाली, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मग ती रडली. पट्टीच्या खोलीत जसं कधी रडली नव्हती तसं, मोठ्याने, आईच्या नावाने, सगळा वॉर्ड ऐकत राहील असं. नसीम सिस्टर धावत दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. कमला आत्या खाटेवर चढून बसली, जिथे जखम नव्हती तेवढ्या जागी तिने पोरीला धरलं, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर रडू लागल्या. मला तिथे काही काम उरलं नव्हतं. मी पर्स उचलली. अकोल्याची गाडी सुटायला थोडाच वेळ होता, आणि तिथे त्या पोराच्या आजोबांशी अजून भांडायचं होतं.